वाघाची मावशी आणि हायवे

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ गाडीखाली आला की पुढं काय होतं, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. आधी वनरक्षक येऊन जागा धरतो, मग परिक्षेत्र अधिकारी, मग पशुवैद्यकांचं पथक. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांनुसार शवविच्छेदन होतं, दात, नखं, मिशा जागेवर आहेत की नाहीत ते बघून पंचनामा होतो आणि शेवटी सगळ्यांदेखत दहन. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो. त्याच रस्त्यावर, त्याच रात्री, कुणाच्या घरचं मांजर मेलं तर सकाळी कावळे आवरून जातात. घरचे चार दिवस वाट बघतात, ताटलीत दूध ठेवतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘गेलं असंल कुठं’. बोका असला तर हे वाक्य जरा लवकर म्हटलं जातं, एवढाच फरक.

या दोन मरणांची बरोबरी करायची नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या गणनेत ४४४ वाघ निघाले, मांजरांची गणना कुणी करत नाही. पण रस्त्याच्या बाबतीत वाघ आणि त्याची मावशी एकाच अडचणीत सापडले आहेत. दोघंही संध्याकाळी बाहेर पडतात, दोघांचे नर लांब भटकतात, दोघांनाही गाडीचा वेग कळत नाही. वाघासाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जो विचार झाला, न्यायालयात भांडणं झाली, सिमेंट ओतलं गेलं, त्यातलं बरंच काही घरच्या मांजराला जसंच्या तसं लागू पडतं. ते कुणी त्याच्या मालकाला सांगितलेलं नाही, इतकंच.

आधी रस्ता बघू. वरोऱ्याहून चंद्रपूर, मूल, गडचिरोली असा जाणारा ९३० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग किंवा साकोलीकडून वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला पोचणारा ३५३-सी. दोन्ही रस्ते जंगलातून जातात तसे गावांच्या पोटातूनही जातात. घराचं दार रस्त्यावर उघडतं, मागं सांदवाडी, तिच्यामागं धानाच्या बांध्या. पूर्वी या रस्त्यानं रात्री एसटीची शेवटची गाडी गेली की सामसूम. आता घुग्घुस, माजरी, बल्लारपूर भागात कोळशाचे ट्रक, आणि एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज बाहेर पडायला लागल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या बाजूला खनिजाचे ट्रक. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, गावातून जाणाऱ्या गाडीचा वेग वाढला. मांजराच्या चालीत मात्र काडीचाही फरक पडला नाही.

आणि मांजर रस्त्यावर का येतं? मौजेखातर नाही. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा हा सगळा धानाचा पट्टा. कापणी झाली की धान वाळवायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे डांबरी रस्ता. एक बाजू ताडपत्री टाकून अडवायची, कडेनं दगड मांडायचे, वाहनं उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं. मळणीच्या यंत्रातून उडालेले दाणे, खरेदी केंद्राच्या आवारात उघड्यावर रचलेली पोती, भरल्या ट्रॅक्टरमधून गळत गेलेली धानाची रेघ. दाणे आले की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आणि घुबड आलंच. म्हणजे जे मांजर आपण कणगी राखायला पाळलं, त्याच्या पोटापाण्याची सोय आपणच रस्त्यावर नेऊन मांडली. दुसरा मोह मासळीचा. मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या या मुलखात आठवडी बाजार उठला की खवले, आतडी, कोंबडीच्या दुकानातला ऐवज हमखास रस्त्याकडेच्या नालीत पडतो. बाजाराच्या रात्री नालीच्या कडेला बघा; दोन-चार जोड्या डोळे चमकतातच.

त्या चमकणाऱ्या डोळ्यांवरून एक गंमत. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावच्या पर्सी शॉ नावाच्या माणसानं १९३४ मध्ये रस्त्याच्या मधोमध बसवायचे, दिव्यानं चमकणारे खडे काढले. धुक्याच्या रात्री कुंपणावरच्या मांजराचे डोळे चमकलेले बघून ही कल्पना सुचली, अशी त्याची कथा. आपल्याकडचे ठेकेदार आजही त्या खड्यांना ‘कॅट आय’च म्हणतात आणि नवा हायवे झाला की मधल्या पट्टीवर ते ओळीनं बसवतात. मांजराच्या डोळ्यानं हजारो ड्रायव्हरांना रस्ता दाखवला. खुद्द मांजराला मात्र त्याच डोळ्यानं दगा दिला. डोळ्याच्या पडद्यामागच्या ज्या थरामुळं त्याला अंधुक चांदण्यातही उंदीर दिसतो, त्याच थरावर समोरून अप्पर लाईट पडला की ते आंधळं होतं आणि जागच्या जागी थिजतं. पाठ किंचित खाली, पुढचा एक पाय उचललेला, कान आवाजाकडं. कुत्रा निदान बाजूला पळतो. मांजर क्षणभर थांबून अंदाज घेतं, मग एकदम उडी मारतं, आणि बरेचदा ती उडी आलेल्या बाजूला परत नसते, पुढंच असते.

ड्रायव्हरच्या बाजूचं गणितही सोपं आहे. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढं जाते. दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. २५ मीटर तिथंच गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी वीसेक. ताशी ८० ला हीच बेरीज ७० मीटरच्या घरात जाते, आणि भरलेल्या ट्रकचं तर विचारूच नका. समोरून गाडी येत असताना आपण डिपरवर असतो, तेव्हा नीट दिसतं ते चाळीसेक मीटर. म्हणजे ८० च्या वेगात जे दिसलं, ते वाचवायची वेळ निघून गेल्यावरच दिसलं. मग ते मांजर असो, नीलगाय असो की दारू पिऊन रस्त्यात बसलेला माणूस असो.

कोणतं मांजर जास्त मरतं, याचा अभ्यास आपल्याकडं झालेला माझ्या तरी वाचनात नाही. ब्रिटनमध्ये झाला आहे. ब्रिस्टल विद्यापीठानं मांजरांच्या पिल्लांचा लहानपणापासून माग ठेवला. त्यातून २०१७ मध्ये जे बाहेर आलं ते आपल्या समजुतीच्या अगदी उलट होतं. शहरातल्यापेक्षा खेड्यातलं मांजर गाडीखाली जायची शक्यता जास्त. शहरात गाड्या पुष्कळ, पण सावकाश आणि सतत. मांजराला धाक बसतो. खेड्यात रस्ता तासभर रिकामा असतो, मांजर तो आपल्या अंगणात धरतं, आणि मग एकच गाडी येते ती भरधाव. शिकारीची सवय असलेली पिल्लं जास्त सापडली, हेही त्यात दिसलं. त्याआधी केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं होतं की तरुण मांजरं आणि त्यातही नर जास्त बळी पडतात, आणि बहुतेक अपघात रात्रीचे असतात. मूल-सिंदेवाही रस्त्यावरच्या कुठल्याही गावाला हे वर्णन लागू करा, एक शब्द बदलावा लागणार नाही.

यातून करायचं काय ते जवळजवळ आपोआप निघतं. मांजराला रस्ता शिकवता येत नाही. रात्र मात्र त्याच्याकडून काढून घेता येते. आपल्याकडं मांजराला जेवण घालायची वेळ ठरलेली नसते. माणसं जेवली की उरलंसुरलं, कधी आठ, कधी दहा. दिवसाचं मुख्य खाणं दिवेलागणीला, घरात, रोज त्याच ताटलीत आणि तीच हाक मारून घाला. मासळीचा वास असला तर उत्तमच. मांजर घड्याळाला आपल्यापेक्षा पक्कं असतं, आठ-दहा दिवसांत पावणेसहाला येऊन उंबऱ्यावर बसायला लागतं. खाऊन झालं की कवाड लावायचं. कौलारू घराला सतरा वाटा असतात, माळ्यावरून, वळचणीतून, हे खरं. पण पोट भरलेलं मांजर आणि माळ्यावर एक जुनं गोधडं एवढ्यावर बऱ्याच रात्री निभावतात. घरात उंदीर असतील तर तेवढीच ड्यूटीही होते.

दुसरं, दार. मांजर सवयीच्या वाटेनं चालतं. पिल्लू असल्यापासून त्याला पुढच्या दारानं बाहेर सोडलं तर त्याचं जग पुढच्या बाजूला वाढतं आणि त्या जगाच्या मधून हायवे जातो. मागच्या दारानं सांदवाडीत सोडलं तर तिकडं बांध्या आहेत, तणसाची गंजी आहे, त्याच्या मनाजोगा सगळा संसार आहे. हे फुकटात होणारं काम आहे आणि तरीही कुणी करत नाही, कारण पुढचं दार दिवसभर उघडंच असतं.

तिसरं, बोक्याचं ऑपरेशन. इथं लोक लाजतात, हसतात, ‘कशाला बिचाऱ्याला’ म्हणतात. पण माज आलेल्या भाटीच्या मागं बोका गावंच्या गावं पालथी घालतो. त्याचा वावर भाटीपेक्षा कितीतरी पटीनं मोठा असतो, आणि त्या वाटेत किती वेळा रस्ता ओलांडावा लागतो ते मोजत बसायला त्याला सवड नसते. पाच-सहा महिन्यांचा असताना खच्चीकरण झालं तर भटकणं आणि मारामाऱ्या दोन्ही उतरतात. भाटीचं पोट दोन-सव्वादोन महिन्यांत रिकामं होऊन पुन्हा भरायच्या तयारीत असतं, म्हणून तिचंही ऑपरेशन करावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो हे मान्य, तरी आधी विचारून, वेळ ठरवून गेलं तर काम होतं. नाहीतर चंद्रपूर, नागपूर आहेच.

गळ्यातल्या पट्ट्याचं काय? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न जुना, आणि घंटेनं उंदीर सावध होतील, ट्रक नाही. त्यापेक्षा नंबरप्लेटच्या दुकानात मिळणारी रेडियमची पट्टी कामाची. पण सुतळी, नाडी, साडीचा काठ असलं घट्ट काही बांधू नये. कुंपणाच्या तारेत किंवा बाभळीच्या फांदीत अडकलं तर मांजर स्वतःलाच फाशी लावून घेतं. ओढ बसली की सुटणारा पट्टा घ्यावा आणि त्यावर रेडियम चिकटवावं.

एक वाईट चाल मात्र स्पष्ट सांगायला हवी. दूध सांडणारं, कोंबडीचं पिल्लू नेणारं मांजर पोत्यात घालायचं, मोटरसायकलवर बांधायचं आणि नदीपार किंवा जंगलाच्या वळणावर सोडून द्यायचं. ते परत येतं, हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचं कौतुकही सांगितलं जातं. येताना ते कोणत्या रस्त्यानं येतं, याचा विचार कुणी करत नाही. जी परत येत नाहीत त्यांच्या गोष्टी होत नाहीत. प्राण्याला उपाशी-तहानलेलं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही इथं सांगून ठेवतो. घर बदलताना उलटा प्रकार होतो: खाण आली, धरण आलं, गाव उठलं, माणसं नव्या वसाहतीत गेली, मांजर दोन दिवसांत जुन्या घराच्या दिशेनं निघतं. नव्या घरात त्याला दोन-तीन आठवडे कोंडून ठेवणं क्रूरपणाचं वाटतं, पण त्यातच त्याचा जीव वाचतो.

आता मावशीकडून भाच्याकडं. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्ली परिक्षेत्रात गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये बोर प्रकल्पातला बाजीराव नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेनं गेला. या घटनांनी लोक हळहळले, पण उपाय काय यावर खरं उत्तर तोवर उत्तरेला पेंचमध्ये उभं राहत होतं. नागपूर-सिवनी महामार्ग, आताचा ४४ क्रमांकाचा, चौपदरी करताना कान्हा-पेंचची वाट तुटत होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीतल्या पट्ट्यात रस्ता उचलून खालून जनावरांसाठी नऊ वाटा ठेवाव्या लागल्या. सर्वांत लांब वाट ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेनं मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथं कॅमेरे लावले. १८ जातींच्या प्राण्यांच्या ५,४५० तसबिरी मिळाल्या. ११ वाघ मिळून ८९ वेळा खालून गेले. पेपरांनी वाघ छापले. मला त्या अहवालातली वेगळीच गोष्ट आवडली: लहान जनावरांत या वाटा सगळ्यांत जास्त वापरणाऱ्यांत ससा होता आणि रानमांजर होतं. म्हणजे खाली अंधार, शांतता आणि मोकळी जागा मिळाली तर मांजराची जात वरच्या रस्त्यावर जायचा हट्ट धरत नाही.

कर्नाटकात बांदीपूरनं दुसरी वाट धरली. २००९ पासून तिथून जाणारा महामार्ग रात्री नऊ ते सकाळी सहा सर्वसाधारण वाहतुकीला बंद. गडचिरोलीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारील, मग रात्री दवाखान्यात कसं जायचं. आणि त्याचं बरोबर आहे. इथं सगळा रस्ता बंद होणार नाही. पण जंगलातल्या आणि गावातल्या ठरावीक तुकड्यांवर रात्रीचा वेग बांधायला कुणाचं काही अडत नाही. गावाच्या दोन्ही तोंडांना गतिरोधक मागण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करता येतो. शाळेच्या नावानं मागितला तर लवकर मिळतो, आणि रात्री तोच गतिरोधक मांजराच्याही उपयोगी पडतो.

रानमांजराचा विषय निघाला म्हणून आणखी एक. या जंगलात घरच्या मांजराहूनही लहान एक नातेवाईक राहते, वाघाटी. जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक, भरल्या अंगानं दीड किलोच्या आसपास, अंगावर तांबूस ठिपके. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाइतकंच वरचं स्थान आहे. रात्री रस्त्यावर मेलेली ‘ठिपक्याची मांजर’ दिसली तर ती कुणाची पाळीव असेल असं समजून पुढं जाऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. रानात भटकणारं घरचं मांजर या रानटी मांजरांच्या जिवाला दुसरा घोर लावतं. मांजरांचा जुलाब-उलटीचा विषाणूजन्य रोग घरच्या मांजराकडून रानातल्यांकडं जाऊ शकतो, आणि रानमांजराशी त्याचा संकर होतो. शिवाय गावात मांजरं-कुत्री मोकाट असली की त्यांच्या मागावर बिबट येतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर, ऊर्जानगरच्या रहिवाशांना हे नव्यानं सांगायची गरज नाही. तेव्हा रात्री कवाड लावणं हे फक्त आपल्या मनीसाठी नाही.

इतकं करूनही धडक बसलीच तर? मांजर बहुधा रस्त्यावर पडून राहत नाही. सरपटत एखाद्या पडवीत, लाकडांच्या ढिगाखाली जाऊन बसतं, आणि बाहेरून रक्ताचा थेंबही दिसत नाही. जाणते डॉक्टर आधी नखं बघतात: डांबरावर घासून नखांची टोकं फाटलेली, उसवलेली असतील तर गाडीच. जबडा मधोमध दुभंगलेला असू शकतो, छातीत हवा भरलेली असू शकते, पोटातलं आतडं पडदा फाटून छातीत सरकलेलं असू शकतं. धाप लागली असेल तर घाई करा. जाड चादर टाकून उचलावं, कारण दुखणारं मांजर मालकालाही चावतं. फळांच्या क्रेटमध्ये किंवा टोपलीत आडवं ठेवावं, पाणी-दूध पाजू नये. आणि एक गोष्ट चार वेळा सांगितली तरी कमीच: ताप-दुखण्यावर घरात असते ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. त्याच्या शरीराला ती पचवताच येत नाही. एका गोळीनं मांजर मरू शकतं. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. जाणूनबुजून जनावर मारलं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पण अपघाताचं तसं नाही. मुंबईत २०२० साली रस्ता ओलांडणारा कुत्रा खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या एका तरुणाच्या दुचाकीखाली आला. पोलिसांनी माणसाच्या जिवाला धोका पोचवल्याची कलमं लावली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला, मालकाला प्राणी लेकरासारखा वाटला तरी तो माणूस नाही असं बजावलं, आणि वर २० हजार रुपये त्या तरुणाला द्यायला सांगितले. निकाल कठोर वाटेल, पण अकस्मात पुढ्यात आलेल्या जनावरासाठी पोटासाठी धंदा करणाऱ्या पोराला तुरुंगात घालणं हा उपाय नव्हताच.

शेवटी हंगामाचं. दिवाळीत फटाक्यांच्या चार रात्री मांजराला घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत ठेवा. आवाजानं भेदरलेलं जनावर दिशा बघत नाही. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात आणि झाडीपट्टीची नाटकं उभी राहतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात, रात्रभर खेळ चालतो, आणि पहाटे तीन-चारला ट्रॅक्टर, मोटरसायकली, गाड्या भरभरून माणसं परत निघतात. डोळ्यांवर झोप, थंडीचं धुकं, रस्त्यावर धान पसरलेलं, धानावर उंदीर. फेब्रुवारीपर्यंतचा हा काळ मांजरांसाठी वर्षातला सर्वांत वाईट. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. ऊब धरून कुणी आत बसलेलं असतं. उन्हाळ्यात तेच मांजर ४६ डिग्रीत उभ्या ट्रकखाली सावलीला असतं, तेव्हा चाकाखाली वाकून बघा.

आणि रात्री गाडी चालवताना मांजर आडवं गेलंच, तर आपल्याकडचे ड्रायव्हर गाडी थांबवतात, काच खाली करून थुंकतात, दुसरी गाडी पुढं जाऊ देतात. ही अंधश्रद्धा आहे, तिच्या विरोधात लिहायला माझी हरकत नाही. फक्त इतकं, की भाटी पुढं गेलेली असते तेव्हा पिल्लं बरेचदा अजून अलीकडच्या नालीतच असतात. ज्याला शकुन-अपशकुन मानायचे त्यानं मानावेत, न मानणाऱ्यानंही गाडी थांबवावी. आणि दुसऱ्या गाडीला पुढं सोडण्यापेक्षा तिला डिपर मारून थांबवावं.